शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कोणतं?



एरवी आपण इथे पाठ, निबंध, गणिताच्या युक्त्या यांवर बोलतो. आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका. नववीची सांख्यिकी आणि दहावीची संभाव्यता ज्यांनी शिकवली आहे त्यांना यातलं सगळं समजेल. ज्यांनी शिकवली नाही, पण शेवटच्या तारखेला ऑनलाइन फॉर्म भरला आहे, त्यांना तर जास्तच समजेल.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेतल्या ४१ मुलांचे एका परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. परीक्षेचं आणि पोर्टलचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एकाच पोर्टलचा नाही. आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं. शाळेत टॉवर पकडत नाही म्हणून मी घरच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. रात्री साडेअकरापर्यंत ३८ अर्ज गेले. तीन राहिले. ते तीन काही केल्या जाईनात. सगळं भरून 'सबमिट' दाबलं की चक्र गोल गोल फिरायचं आणि शेवटी एकच ओळ यायची, काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा प्रयत्न केला. चाळीसेक वेळा केला.

सकाळी मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी सौजन्याने बोलली. "मॅडम, आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतंय. तुमच्या इंटरनेटचा प्रॉब्लेम असेल." मी म्हटलं, त्याच मोबाइलवरून त्याच रात्री ३८ अर्ज गेले, मग तीनच का नाही? तिच्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी मुदत संपली. तिघांपैकी एकीची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, आमच्याच पोरीचा काऊन नाही गेला जी?" मी काय सांगणार?

मला तेव्हा वाटलं की ते लोक सरळ खोटं बोलत आहेत. आता तसं वाटत नाही. का, ते सांगते.

दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांच्या शेतात धानाची कापणी चालू होती, मी सहज बघायला गेले, आणि धुऱ्यावर बसून त्याला ही सगळी कथा ऐकवली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, ती खोटं बोलली नसेल. तुमचे चाळीस प्रयत्न त्यांनी बहुतेक ठेवलेच नसतील."

ठेवलेच नसतील म्हणजे? मला वाटायचं, संगणकात सगळं आपोआप राहतं. तसं नाही.

तुम्ही 'सबमिट' दाबता तेव्हा तुमचा अर्ज एका संगणकाकडे जाऊन थांबत नाही. एक यंत्रणा लॉगिन तपासते, दुसरी शाळेचा क्रमांक पडताळते, तिसरी फोटो साठवते, चौथी फी घेते, पाचवी मोबाइलवर मेसेज पाठवते. तहसीलमधली फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आणि प्रत्येक ठिकाणी आवक-जावक लागते, तसंच समजा. एका अर्जाच्या या अख्ख्या प्रवासाच्या नोंदीला ट्रेस म्हणतात आणि एकेका टेबलावरच्या नोंदीला स्पॅन. कुठे किती वेळ लागला, कुठे अडलं, हे त्यातून कळतं. सुरुवातीलाच प्रवासाला आकडे आणि अक्षरं मिळून ३२ चिन्हांचा एक क्रमांक मिळतो आणि तो प्रत्येक टेबलावर सोबत जातो. हा क्रमांक पुढच्याला कसा लिहून द्यायचा याचं मानक डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये पक्कं केलं. त्या ओळीच्या अगदी शेवटी दोन अंकांची एक खूण असते. ०१ म्हणजे हा प्रवास नोंदवण्यासाठी निवडला आहे, ०० म्हणजे निवडलेला नाही.

तर आमच्या गच्चीवरच्या चाळीस प्रयत्नांच्या शेवटी बहुधा ०० होतं.

सगळेच का नाही ठेवत? हिशोब करून पाहा. समजा एका मोठ्या पोर्टलवर दिवसाला ५० लाख विनंत्या येतात, प्रत्येकीचे ४० स्पॅन होतात आणि एका स्पॅनला ५०० बाइट लागतात. गुणाकार केला तर दिवसाला १०० जीबी झाले. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, पण अंदाज यावा. ते साठवायला पैसे लागतात, शोधायला त्याहून जास्त. शिवाय नोंद करण्याच्या कामानेच मूळ काम मंदावतं. गूगलने २०१० मध्ये आपल्या 'डॅपर' नावाच्या व्यवस्थेबद्दल निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे मोजलेलं आहे. शोधयंत्रणेवर प्रत्येक विनंतीचा ट्रेस घेतला तर उत्तर यायला सरासरी १६.३ टक्के जास्त वेळ लागत होता. १०२४ पैकी एकच घेतला तर फरक जाणवण्याइतकाही उरत नव्हता. म्हणून त्यांनी सुरुवातीला सरसकट १०२४ पैकी एक हेच प्रमाण ठेवलं. आपल्या शाळेतही काय होतं ते आठवा. जितक्या नोंदवह्या वाढतात, तितकं शिकवणं कमी होतं. त्यामुळे काही निवडक ट्रेस ठेवणं, म्हणजेच सॅम्पलिंग करणं, यात मला गैर काहीच दिसत नाही.

माझं म्हणणं पुढच्या पायरीबद्दल आहे. निवड कशी करायची हे कुणीतरी माणूस ठरवतो. सेटिंगच्या फाईलमध्ये एक आकडा लिहिला जातो. त्या आकड्यावर कुणाची अडचण दिसेल आणि कुणाची दिसणारच नाही, हे ठरतं. आणि हा आकडा पुष्कळदा विचार करून लिहिलेला नसतोच. उबर कंपनीने तयार करून २०१७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं 'येगर' नावाचं साधन आहे. त्यात तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर हजारात एक ट्रेस घ्यायचा हे प्रमाण आधीच ठरलेलं असतं. २०१९ मध्ये दोन जुने प्रकल्प एकत्र होऊन 'ओपनटेलिमेट्री' आलं, आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. त्याचं उलट आहे, काही सांगितलं नाही तर ते सगळेच ट्रेस ठेवतं. मग माझा विद्यार्थी म्हणाला तसं होतं. पहिल्या महिन्याचं बिल येतं, साहेब ओरडतात, आणि कुणीतरी घाईघाईत शंभर टक्क्यांच्या जागी एक टक्का लिहून मोकळा होतो.

एक टक्का म्हणजे काय, ते आपण गणिताचे लोक काढू शकतो. शंभरात एक निवडला जातो, म्हणजे एखादा प्रयत्न न निवडला जाण्याची संभाव्यता ०.९९. चाळीसही न निवडले जाण्याची संभाव्यता ०.९९ चा चाळिसावा घात. कॅल्क्युलेटरवर करा, ०.६७ येईल. तीनपैकी दोन वेळा आमच्या गच्चीवरचा एकही प्रयत्न कुणाला दिसणार नाही. प्रमाण १०२४ पैकी एक असेल तर हीच संभाव्यता ०.९६ होते. मदत क्रमांकावरची मुलगी समोरचा पडदा बघून "सगळं व्यवस्थित दिसतंय" म्हणाली, आणि पडद्यावर खरोखरच सगळं व्यवस्थित दिसत असेल. (त्या पोर्टलवर नेमकं हेच झालं का, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण असं होऊ शकतं एवढं गणिताने नक्की सांगता येतं.)

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. आम्ही धानाच्या जिल्ह्यातले लोक, ही म्हण आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही. पण म्हण खरी का ठरते ते बघा. भांडं एक, तांदूळ एक, पाणी एक, खालची आच एक. म्हणून कुठलंही शीत काढलं तरी चालतं. दोन वाणांचे तांदूळ एकत्र शिजवून पाहा, मग एका शितावर भरवसा ठेवा! अख्ख्या महाराष्ट्राचे अर्ज घेणारं पोर्टल हे एक भांडं नाही. पुण्यातल्या फायबरवरून आलेला अर्ज आणि वैनगंगेकाठच्या गच्चीवरून आलेला अर्ज एकाच आचेवर शिजत नाहीत. त्यातही आमच्या त्या तीन मुलांच्या अर्जाला एक जास्तीचा दाखला जोडायचा होता. म्हणजे त्यांची वाटच निराळी होती, आणि त्या वाटेने राज्यभरातून जाणारे थोडेच. नेहमीच्या वाटेवर लाखो अर्ज, या वाटेवर मोजके. सरसकट शंभरात एक उचलला तर नेहमीच्या वाटेचे हजारो नमुने हातात येतात, सगळे एकसारखे, आणि आडवाटेचा कदाचित एकही नाही. डॅपरच्या निबंधातही ही कबुली आहे की जिथे रहदारी कमी, तिथे इतक्या विरळ निवडीत महत्त्वाच्या घटना निसटतात. म्हणून रहदारीप्रमाणे प्रमाण कमी-जास्त करणारी पद्धत त्यांनी हाती घेतली.

इथे एका मराठी माणसाची आठवण काढायलाच हवी. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकले आणि परत येऊन कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या नमुन्यांवर काम केलं. देशात धान किती पिकलं हे प्रत्येक बांधी कापून कधीच कळणार नाही. म्हणून काही शेतं यादृच्छिक पद्धतीने निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा आणि तेवढंच कापून, मळून, वजन करायचं. जागा निवडायला माणसाच्या मर्जीला वाव नाही. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक संख्येइतकी पावलं मोजत आत जायचं आणि तिथेच तुकडा आखायचा, मग तिथलं पीक चांगलं असो की वाईट. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कारण चौकटीच्या कडेवरची रोपं आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. तुकडा जितका लहान, तितकी कड जास्त आणि तितकी चूक मोठी. नमुना यादृच्छिक असला तरी तो कुठे कापला यावरून उत्तर बदलतं, हे त्यांनी धानाच्या आणि गव्हाच्या वावरात सिद्ध केलं.

ट्रेसमध्येही कडेची अशीच भानगड आहे. प्रत्येक टेबलाने आपापलं ठरवलं की ठेवायचं की नाही, तर पहिल्याने ठेवलेलं पान दुसऱ्याकडे नसतं आणि तिसऱ्याकडचं पान कुणाचं ते कळत नाही. सगळ्या फाटक्या फायली. म्हणून नियम असा करतात की पहिल्या टेबलाने जे ठरवलं ते पुढच्या सगळ्यांनी मुकाट पाळायचं. ०१ आलं तर ठेवा, ०० आलं तर सोडा. हे बरोबरच आहे. पण याचा अर्थ असा की ठेवायचं की फेकायचं, हा निर्णय प्रवासाच्या सुरुवातीलाच होतो, पुढे काय घडणार हे कुणालाच माहीत नसताना. याला हेड सॅम्पलिंग म्हणतात. आमचा अर्ज पाचव्या टेबलावर आपटणार हे पहिल्या टेबलाला कसं कळणार?

आणि आता तुडतुडा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तुडतुडा ही धानाचा रस शोषणारी कीड. ती सगळ्या शेतावर सारखी पसरत नाही. हिरव्यागार बांधीत मध्येच एखादा गोल तुकडा जळल्यासारखा वाळतो, दोन दिवसांत दुसरा. पीक कापणी प्रयोगाचा तुकडा त्या गोलात पडेलच असं नाही. महसूल मंडळात प्रयोग मोजके, त्यावरून सरासरी निघते आणि विम्याचा हिशोब त्या सरासरीवर होतो. ज्याच्या बांधीत ते गोल पडले, तो माणूस सरासरीत शोधूनही सापडत नाही. सरासरी चुकलेली असते असं नाही, बहुधा बरोबरच असते. तिला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तिने दिलं. मंडळात धान किती पिकलं? एवढं. तुडतुडा कुठे पडला हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ते शोधायचं तर वावरात हिंडावं लागतं आणि वाळलेलं दिसेल तिथे थांबावं लागतं.

संगणकात वावर हिंडण्याच्या या पद्धतीला टेल सॅम्पलिंग म्हणतात. आधी सगळे स्पॅन तात्पुरते गोळा करायचे, प्रवास पूर्ण होऊ द्यायचा, आणि मग शेवटी ठरवायचं की हा ठेवायचा की टाकायचा. ओपनटेलिमेट्रीच्या 'कलेक्टर' या भागात याची सोय आहे आणि त्याला नियम लिहून देता येतात. मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, तुझ्या हातात असतं तर आमच्या पोर्टलला काय नियम लिहिले असतेस? तो म्हणाला, ज्या प्रवासात कुठेही चूक आली तो शंभर टक्के ठेवायचा. चूक आली नाही, पण ठरलेल्या वेळेपेक्षा, समजा पाच सेकंदांपेक्षा, जास्त वेळ लागला तो पण ठेवायचा. ज्या वाटेने दिवसाला थोडेच अर्ज जातात, तिथलं प्रमाण वाढवायचं. आणि उरलेले सुरळीत गेलेले लाखो अर्ज, त्यांतला शंभरात एक ठेवला तरी भरपूर.

मला यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो, तो सांगताना लोक घाई करतात. सुरळीत गेलेल्यांतला थोडासा यादृच्छिक भाग ठेवायलाच हवा. नाहीतर तुलना कशाशी करणार? निरोगी धानाची लोंबी कशी दिसते हे माहीत नसेल तर रोगट कशी ओळखणार?

टेल सॅम्पलिंग फुकट येत नाही. निर्णय होईपर्यंत सगळं स्मरणात धरून ठेवावं लागतं. कलेक्टरमध्ये ही वाट बघण्याची मुदत आपण बदलली नाही तर ३० सेकंद असते. एखादा स्पॅन त्याहून उशिरा आला तर निर्णय त्याच्याशिवायच झालेला असतो. आमच्याकडचं चक्र दीड-दीड मिनिट फिरायचं, म्हणजे ही मुदत वाढवल्याशिवाय आमचा उपयोग नाही! शिवाय कलेक्टर अनेक असतील तर एका प्रवासाचे सगळे स्पॅन एकाच कलेक्टरकडे जावे लागतात, नाहीतर पुन्हा फाटक्या फायली. म्हणजे मध्ये वाटप करणारा आणखी एक गडी उभा करावा लागतो. खर्च आहे, डोकेदुखी आहे, मान्य. आणि एक गोष्ट तर कुठल्याच सॅम्पलिंगने सुटत नाही. जो अर्ज मोबाइलमधून निघाला पण टॉवर गेल्यामुळे त्यांच्या दारापर्यंत पोचलाच नाही, त्याची नोंद त्यांच्या दाराच्या आत कशी असेल? त्यासाठी मोबाइलच्या बाजूलाच नोंद सुरू करावी लागते आणि जोडणी परत आली की ती पाठवावी लागते. "तुमच्या इंटरनेटचा प्रॉब्लेम" हे वाक्य त्यानंतरच कुणी म्हणावं.

आता एक धोका, जो आपण शिक्षकांनी चटकन ओळखायला हवा, कारण आपण तो रोज करतो. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आपण कोणत्या पाच वह्या वर ठेवतो? खरं सांगा. सुवाच्य अक्षराच्या. साहेबांना वाटतं वर्ग हुशार आहे. उलट एखादा कडक साहेब फक्त मागे पडलेल्या पोरांच्या वह्या मागवतो आणि त्यावरून शेरा लिहितो की वर्ग कच्चा आहे. दोघंही चुकले. चुकांचे सगळे ट्रेस आणि सुरळीत गेलेल्यांतले शंभरात एक ठेवले, तर त्या ढिगावरून टक्केवारी काढायची नसते. समजा एक लाख अर्जांत १०० चुकले. ढिगात चुकलेले १०० आणि सुरळीत गेलेले हजाराला एक कमी. कुणी अडाण्यासारखा भागाकार केला तर चूक नऊ टक्क्यांच्या वर दिसेल. खरी चूक हजारात एक आहे. म्हणून किती आले आणि किती चुकले याची मोजणी निवडीच्या आधी, वेगळी ठेवायची, आणि सुरळीतपैकी ठेवलेल्या प्रत्येक ट्रेसला शंभराचं वजन द्यायचं. ट्रेस कशासाठी? का चुकलं हे बघण्यासाठी. किती चुकलं हे मोजणीवरून.

पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. चुकलेल्या अर्जांचे सगळे ट्रेस ठेवा असं मी म्हणते, पण ट्रेस म्हणजे अर्जाची प्रत नव्हे. मुलीचा आधार क्रमांक, बापाचं उत्पन्न, जातीचा दाखला यांतलं काहीही त्या नोंदीत जाता कामा नये. ते आधीच गाळण्याचीही सोय असते. ती वापरली नाही तर आपली अडचण दिसण्याच्या बदल्यात आपल्या पोरांची माहिती अनेकांच्या पडद्यावर उघडी पडेल. हा सौदा मला मान्य नाही.

काही जण म्हणतील, मॅडम, हे पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांचं काम, आपल्याला काय करायचं? मला वाटतं आपल्यालाच करायचं आहे. हजेरी ऑनलाइन, पोषण आहार ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन. त्या प्रत्येकामागे कुणीतरी हा आकडा लिहून बसलेला आहे. तो लिहिणारा मुलगा किंवा मुलगी कदाचित आपल्याच वर्गातून गेलेली असेल. तिला आपण सांख्यिकी शिकवली ती मध्य, मध्यक, बहुलक पाठ करून घेऊन. नमुना कुणी निवडला, कसा निवडला, त्यात कोण सुटलं, हे विचारायला कधी शिकवलं?

मी या वर्षी एक प्रयोग केला. हजार धानाचे दाणे मोजायला लावले, मोजण्यातच पोट्ट्यांचा अर्धा तास गेला. त्यातले दहा कुंकवाच्या पाण्यात रंगवले, वाळवले आणि मिसळले. मग प्रत्येकाने डोळे मिटून दहा दाणे उचलायचे, बघायचे, परत टाकायचे. वर्गात २७ मुलं होती. तिघांना लाल दाणा मिळाला, बाकी २४ जणांनी छातीठोकपणे सांगितलं की यात लाल दाणा नाहीच. मी फळ्यावर ०.९९ चा दहावा घात काढून दाखवला, ०.९० आला, म्हणजे २७ पैकी चोवीसेक जणांना काहीच दिसणार नाही हे गणित आधीच सांगत होतं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, मंग डोळे उघडे ठेवून उचलू ना!" टेल सॅम्पलिंग यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं. मी त्याला डोळे उघडे ठेवून दहा उचलू दिले. त्याने दहाही लाल उचलले आणि म्हणाला, सगळेच लाल आहेत. मग पुढचा तास त्यावर गेला.

पोर्टल चालवणाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. "काहीतरी चुकलं आहे" या ओळीखाली तो ३२ चिन्हांचा क्रमांक दाखवा, आणि ज्या क्रमांकाला चूक आली त्याचा ट्रेस निदान मुदत संपून तक्रारी मिटेपर्यंत फेकू नका. मग मी फोन करीन तेव्हा "माझं इंटरनेट चांगलं आहे हो" अशी विनवणी करणार नाही, क्रमांक वाचून दाखवीन.

तोवर आम्ही शाळेत एक शंभर पानी वही केली आहे. कुठलाही फॉर्म अडला की तारीख, सेकंदासकट वेळ, कोणतं पान, कोणता दाखला जोडला होता, किती वेळ चक्र फिरलं, पडद्यावर काय आलं हे सगळं लिहायचं आणि मोबाइलवर पडद्याचा फोटो काढायचा. आजपर्यंत १९ नोंदी झाल्या आहेत. त्यांतल्या ११ नोंदींत तोच जास्तीचा दाखला आहे. त्या तिघींपैकी दोघी या वर्षी पुन्हा बसत आहेत, तिसरी वयात बसत नाही. अर्ज पुढच्या आठवड्यात उघडतात.